टोपीकराची टोपी : जून ते नोव्हेंबर २०२४ च्या कामाच्या नोंदी

१६ जून, रविवार

नवं काम काढलं. कपाटात आजमितीला चौदा डोकी आहेत (आमच्या घरी टोप्या 'डोकी' म्हणून मोजतात, हा बायकोचा शब्द). आजोबांची लाल चक्रीदार पगडी, वडिलांची काळी टोपी, दोन फेटे, एक मुंडासं, एक तुर्की टोपी, एक भेंडाची सोला टोपी, एक बाउलर हॅट आणि बाकी किरकोळ. तिकोनी, म्हणजे तीन बाजूंनी काठ वर वळवलेली हॅट, एकही नाही.

ती हवी कारण शाळेपासून एक शब्द डोक्यात बसलाय : टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या सगळ्यांना मिळून हा एकच शब्द आहे. दर्यापारच्या माणसाची ओळख पटली ती त्याच्या डोक्यावरून. आज्ञापत्राचा सल्ला असा, की हे लोक नुसते सावकार समजू नका, वखारीला किनाऱ्यावर जागा द्याल तर उद्या तिथे किल्ला उभा राहील. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. म्हणजे अमात्यांच्या हयातीत हे टोपीकर जी टोपी घालत होते ती बहुतेक तीन बाजूंनी वर वळवलेलीच. शब्द आपल्याकडे आहे, वस्तू मात्र कधी हातात धरलेली नाही. विकत मिळते ती समुद्री चाच्याची, पार्टीची, कवटी छापलेली. ती नको.

नियम नेहमीचाच : जी टोपी दिवसभर घालून वावरता येत नाही, तिला कपाटात जागा नाही.

१९ जून, बुधवार

जुना बाजार. रुंद काठाची तपकिरी हॅट, विक्रेत्याने चारशे सांगितले, अडीचशेला दिली. "साहेब, प्युअर लोकर आहे, हात लावून बघा." हात लावला. मऊ होती.

नळ सुटलाय, रात्रभर पाऊस.

२३ जून

प्युअर लोकर इस्त्रीखाली वितळली. ओलं फडकं ठेवून वाफ द्यायला गेलो, तर काठाचा तळहाताएवढा भाग चकचकीत, कडक आणि आखडलेला. घरभर प्लास्टिकचा वास. कोपऱ्यातला एक धागा कापून काडीला लावून बघायचं हे मला माहीत होतं. लोकर जळते तेव्हा जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख चुरगळते, प्लास्टिकचा गोळा होतो. विकत घेताना बघितलं नाही, कारण भाव पाडल्याच्या आनंदात होतो.

एक बरं झालं, जुनी असली फेल्ट (केस किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड) निघाली नाही. खऱ्या जुन्या फेल्टच्या हॅटा हाताळताना मी हातमोजे घालतो. सशाच्या आणि बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांची फेल्ट नीट जमावी म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कारागीर त्या केसांना पाऱ्याच्या संयुगाचं पाणी लावत. वाफेबरोबर पारा छातीत जायचा, हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं. इंग्रजीत 'टोपीवाल्यासारखा वेडा' म्हणतात, त्यामागे या लोकांचे हाल आहेत असं मानलं जातं. अमेरिकेत टोप्यांमधला पारा बंद व्हायला १९४१ साल उजाडलं. माझ्या बाउलरचं वय मला माहीत नाही, म्हणून ती घालताना आत मलमलीचं अस्तर असतं आणि घातल्यावर हात धुतो. आई म्हणते, "विटाळ पाळतोस काय टोपीचा?"

१ जुलै

पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत. सकाळी पांढरी टोपी घालून बाहेर पडलो. आज निदान कुणी वळून बघितलं नाही, एरवी पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या डोक्यावर टोपी दिसली की लोक लग्न कुणाचं विचारतात.

पांढरी टोपी हे माझं सगळ्यात जास्त वापरलेलं डोकं. खिशात मावते, धुता येते, घाम दिसतो म्हणून धुतलीच जाते. गांधीजींनी पांढरा रंग घेण्यामागे हेच कारण सांगितलं होतं. आकार सुचला काश्मिरी टोपीवरून. गंमत अशी, की जिला त्यांचं नाव आहे ती त्यांनी स्वतः जेमतेम दोनेक वर्षं वापरली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला पंचा नेसायला सुरुवात केली, तेव्हा टोपीही गेली. नंतर ती उरलेल्या देशाने घातली.

टोपीकराच्या कामात प्रगती शून्य.

६ जुलै

डोकं मोजलं. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे कवटीचा उंचवटा येतो तिथून : साडेसत्तावन्न सेंटिमीटर. तीनदा मोजलं, कारण सकाळी साडेसत्तावन्न आणि रात्री केस विंचरल्यावर सत्तावन्न.

परदेशातून येणाऱ्या मावसबहिणीला फोन केला. काळ्या लोकरीच्या फेल्टचा कोरा कोन (साच्यावर ताणून हॅट करायची ती कच्ची टोपी) आणायचा आहे, रुंद काठाचा. "दादा, मी चॉकलेटं आणते तुला, हे काय भलतंच?" आणते म्हणाली.

१४ जुलै

फेल्ट ज्याच्यावर ओढून बसवायची तो साचा हवा. घेर साडेसत्तावन्न म्हणजे व्यास साधारण सव्वाअठरा सेंटिमीटर. स्वयंपाकघरात मोजपट्टी घेऊन फिरलो आणि आमटीचं स्टीलचं पातेलं बरोब्बर त्या मापाचं सापडलं. सरावासाठी त्यावर जुनी घोंगडी ओली करून ताणली, सुतळीने बांधली, वाळल्यावर डोक्यावर घातली.

कपाळावर आणि मागे रुततेय, कानांपाशी दोन्हीकडे बोट जाईल एवढी फट. माझं डोकं गोल नाही. कुणाचंच नसतं. कपाळापासून मागपर्यंत जवळजवळ पावणेवीस आणि कानापासून कानापर्यंत पावणेसतरा. घेर तोच, आकार वेगळा. इतक्या वर्षांत चौदा टोप्या जमवल्या आणि हे साधं लक्षात आलं नव्हतं, कारण पगडी आणि फेटा यांच्यात कापड आपलं आपण जुळवून घेतं. फेल्ट जुळवून घेत नाही.

पातेलं परत. आमटीला घोंगडीचा वास येतो अशी तक्रार आहे. येत नाही.

२१ जुलै

आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेलो. अठरा मिलिमीटरच्या प्लायचे सहा लंबगोल कापून, फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवून, वरचे तीन कानशीने उतरते करायचे. उंची जवळजवळ अकरा सेंटिमीटर. त्यांना वाटलं देवघराचा कळस आहे. डोकं आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग नाक नको का?"

त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण टोपी झाल्यावर दाखवायची अशी अट घातली.

४ ऑगस्ट

कोन आला. काळा, जाडसर, काठ एकीकडे जास्त एकीकडे कमी. काडीला लावून धागा जाळला : केसांचा वास. लोकर.

अठराव्या शतकातली चांगली टोपी लोकरीची नसे, बीव्हरच्या केसांची असे. त्या प्राण्याच्या खालच्या थरातल्या बारीक केसांना आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पातळ, घट्ट, पाणी न शोषणारी फेल्ट होते. उत्तर अमेरिकेतला सगळा केसाळ कातड्यांचा धंदा, १६७० ची हडसन्स बे कंपनी धरून, बराचसा युरोपच्या टोप्यांवर चालला. मुंबईच्या वखारीतल्या कारकुनाच्या डोक्यावर कॅनडातला प्राणी होता म्हणजे. माझी मेंढीची. रंग मात्र तेव्हाही काळाच पसंत, लॉगवुड नावाचं रंगाचं लाकूड आणि हिराकस घालून उकळलेला.

१० ऑगस्ट, शनिवार

साच्यावर ताणायचा दिवस. इडलीपात्रात पाणी उकळून, जाळीवर कोन पालथा घालून पंधरा मिनिटं वाफ. हाताला भाजेल इतका गरम असतानाच ओढायचा असतो, गार झाला की हलत नाही. मुलगा साचा धरून, मी दोन्ही हातांनी खाली खेचतोय, बायको सुतळीचे वेढे देतेय. चार खेपा वाफवला. पाचव्या खेपेला टाळूवरची घडी गेली आणि सुतळीच्या खाली काठ पसरला, सगळीकडून किमान बारा सेंटिमीटर.

घरात ओल्या मेंढीचा वास. आई देवापाशी उदबत्तीच्या दोन काड्या जास्त लावून गेली, बोलली काहीच नाही.

१२ ऑगस्ट

चूक. हात लावून कोरडी वाटली म्हणून साच्यावरून काढली. श्रावणातल्या पुण्यात दोन दिवसांत काही वाळत नाही हे कपड्यांच्या दोरीवरून रोज दिसतंय तरी. संध्याकाळपर्यंत आखडून छप्पन्नवर आली. घालून अर्धा तास बसलो, कपाळावर लाल वळ आणि डोकं ठणकायला लागलं.

परत वाफ, परत साचा, परत सुतळी. आता आठवडाभर हात लावायचा नाही. साचा कपाटाच्या वर, मुलाच्या हाती लागणार नाही असा.

२५ ऑगस्ट

वाळली. साडेसत्तावन्न. आता कडक करायची. फेल्टला मूळचा ताठपणा नसतो, काठ वर वळवला की तासाभरात कानावर लोंबतो. अठराव्या शतकात त्यासाठी जनावरांचा सरस वापरत आणि पावसात टोपी भिजली की सरस विरघळून काठ खाली यायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात लाख आली, आपल्याकडचीच.

पॉलिशवाल्याकडून शंभर ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) आणला, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला. मधासारखा रंग. ब्रशने काठाच्या खालच्या बाजूने आणि टाळूच्या आतून दोन हात. वरून लावायचा नाही, काळ्यावर चमक येते.

सकाळी बघतो तर काठाला पांढुरकी झाक. बुरशी समजून घाबरलो. ती बुरशी नव्हती. दमट हवेत स्पिरिट उडताना गारवा धरतं, हवेतली ओल लाखेत अडकते आणि ती धुरकट होते. पॉलिशवाले पावसाळ्यात लाकडावर याच कारणाने हात आखडतात, मलाही सांगितलं होतं. स्पिरिटचं ओलं फडकं हलकेच फिरवलं आणि पंख्याऐवजी दिवसभर टेबललॅम्पखाली ठेवली. झाक गेली. काठ बोटाने वाजवला तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

तिकोनीला सुट्टी. आरतीला आजोबांची पगडी काढली. वर्षातून एकदा निघते. डबा उघडल्यावर डांबरगोळ्या आणि वेखंडाचा वास, आत लाल कापडाचे बारीक पीळ बसवलेले, डाव्या बाजूला कसरीने खाल्लेलं चिमूटभर भोक. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वापरात ती सत्काराची वस्तू झालीय : व्यासपीठावर घालतात, फोटो झाला की मांडीवर येते. तिच्यात आरती करून बघावी. 'घालीन लोटांगण'ला वाकलं की सरळ पुढे येते. आजोबा एका हाताने मागून धरायचे, तो हात मला लहानपणी नमस्काराचाच भाग वाटायचा. आज माझाही हात आपोआप मागे गेला.

वजन केलं : चारशे दहा ग्रॅम. तिकोनी अजून अपुरी आहे, तरी दोनशेच्या आत.

२२ सप्टेंबर

काठ कापला. मागे साडेबारा, बाजूंना बारा, पुढे अकरा सेंटिमीटर. खडूने आखताना दोनदा पुसलं, कात्री एकदाच.

गोट लावायला रविवार पेठेतून पांढरी लोकरी फीत मिळेना, शेवटी सुती घेतली. जरीची किनार घ्यायचा मोह झाला. दुकानदारांनीही "लग्नाला असेल तर जरीच शोभेल" म्हणून पुढे केली. पण सोनेरी-रुपेरी गोट म्हणजे अधिकारी. साध्या शिपायाला पांढरी फीत. मी अजून ठरवलेलं नाही मी कोण.

यावर दोन संध्याकाळी गेल्या. साल कुठलं? १७६७ मध्ये इंग्रजांचा वकील थॉमस मॉस्टिन मुंबईहून माधवराव पेशव्यांच्या दरबारी आला, तेव्हा ही टोपी चालली असती. १७८६ नंतरचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पुण्यात होता तोवर पुढचा कोपरा सपाट व्हायला लागलेला, दुकोनीकडे वाटचाल. आणि खडकीच्या लढाईपर्यंत, म्हणजे १८१७ पर्यंत, ही फॅशन म्हातारी होऊन संपलेली. इतिहासाच्या कार्यक्रमांत पेशवाईतला कुठल्याही सालचा इंग्रज तिकोनीत दिसला की माझ्या पोटात दुखतं. मागे वळून बोललो तर लोक म्हणतात, टोपी टोपीच ना.

६ ऑक्टोबर

आज तिकोनी झाली. म्हणजे गोल हॅटची तिकोनी झाली, कारण ती मुळात वेगळी टोपी नाहीच. सपाट रुंद काठाचीच हॅट, तिचा काठ तीन ठिकाणी उचलून टाळूला टाक्यांनी अडकवायचा. पावसात टाके सोडले की परत छत्री. तेव्हाचे लोक तिला तिकोनी म्हणतही नसत, ते नाव नंतर चिकटलं. वळवलेल्या काठाची टोपी एवढंच.

आधी कच्च्या दोऱ्याने बांधून आरशात बघितलं. पहिल्या खेपेला पुढचं टोक बरोबर नाकावर आलं आणि मी समोशासारखा दिसलो. टोक थोडं डाव्या भुवईवर आणलं, मग माणसासारखं दिसलं. शिपाई असंच तिरकं घालत, डाव्या खांद्यावरच्या बंदुकीला बाजूचा काठ आडवा येऊ नये म्हणून. मग मेणाचा दोरा, प्रत्येक बाजूला दोन टाके, डावीकडे दोरीचा फास आणि वडिलांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण. आत मलमलीचं अस्तर आणि मेंढीच्या मऊ चामड्याची तीन सेंटिमीटर घामपट्टी. ती शिवताना सुई अंगठ्यात गेली, रक्ताचा डाग अस्तरावर आहे, दिसत नाही.

काळ्या रिबिनीचं फूल सेफ्टी पिनेने लावलं. काळं फूल हे ब्रिटिश, हॅनोव्हर या तेव्हाच्या राजघराण्याचं. पिन अशासाठी, की राष्ट्रीयत्व काढता यावं.

एकूण वजन दोनशे पस्तीस.

१३ ऑक्टोबर

मिस्त्रींना दाखवायला नेली. अट पाळली. स्कूटरवर घालून जाता येत नाही, कारण वर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटवर तिकोनी घातली तर पुण्यातही लोक थांबून बघतील. केकच्या खोक्यातून नेली. त्यांनी फिरवून फिरवून बघितली, काठावर टिचकी मारली, म्हणाले, "चपडा बरा बसलाय." टोपीबद्दल काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवसभराची चाचणी. सकाळी नऊ ते रात्री आठ, जेवण आणि अंघोळ सोडून.

निरीक्षणं : ऑक्टोबरच्या उन्हात काळी फेल्ट म्हणजे तवा. अकरानंतर घामपट्टी भिजली. सोला टोपी याहून मोठी दिसते, पण भेंडाची हलकी, आत हवा खेळती, उन्हात तीच शहाणी. तिकोनीच्या मागच्या खोलगट भागात पाऊस साचत असणार, गच्चीवर पाण्याच्या झारीने खात्री केली. पाणी मागच्या टोकावरून मानेच्या मागे न पडता पाठीवर पडतं. आरामखुर्चीत मागे टेकता येत नाही. दरवाज्यातून जाताना कोपरे आपटत नाहीत, पण कुणाला मिठी मारता येत नाही.

आणि हात रिकामे असले की टोपी काढून काखेत धरावीशी वाटते. मला वाटलं मीच कंटाळलोय. तेव्हाचे लोकही तसंच करत, कारण खाली पावडर लावलेला केसांचा टोप असायचा. म्हणजे ही अर्धा वेळ काखेत घालायची टोपी. घालून बघितल्याशिवाय हे चित्रात दिसत नाही.

२७ ऑक्टोबर

सोसायटीतल्या पोरांचा यंदाचा किल्ला वसई आहे. दरवर्षी राजगड-सिंहगड असतो, यावेळी नववीतल्या एकाने हट्ट धरला. माती, विटा, पोती, खाडीसाठी निळा प्लास्टिकचा कागद, सेंट सेबॅस्टियनचा बुरूज वेगळा उभा, कारण तिथे सुरुंग उडवायचाय. मावळे दुकानात मिळाले, फिरंगी मिळाले नाहीत. "काका, तुमच्याकडे ती टोपी आहे ना, तुम्हीच फिरंगी व्हा. पाडव्याला शरण यायचं."

हे साल बिनचूक बसतं. मे १७३९. चिमाजी आप्पांच्या वेढ्यातून पोर्तुगीज बाहेर पडले तेव्हाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर अशीच काहीतरी असणार. ब्रिटिश काळं फूल काढून ठेवलं. सुती फितीवर हळदीत बुडवलेला दुसरा पट्टा कच्च्या दोऱ्याने टाचला, लांबून जरी वाटते. मी आता अधिकारी आहे.

२ नोव्हेंबर, पाडवा

सुरुंग (लवंगी माळ) ठरल्यापेक्षा लवकर उडाला आणि बुरूज खाडीत गेला.

शरणागतीवरून आधी वाद झाला. चिमाजी झालेल्या मुलाचं म्हणणं, हरलेल्याने टोपी काढली पाहिजे. दुसरा म्हणाला, पगडी उतरवणं म्हणजे अपमान, तहात त्यांना मानाने जाऊ दिलं होतं, म्हणून काढायची नाही. दोघंही बरोबर आणि दोघंही आपल्याकडच्या रीतीने बोलत होते. मी सांगितलं, टोपीकराची रीत उलटी. आपण दरबारात जोडे बाहेर काढतो आणि डोकं झाकलेलं ठेवतो. ते जोडे घालून येतात आणि टोपी काढतात. त्याने टोपी काढली तर तो रामराम आहे. पोरांना पटलं. सहावीतल्या मुलीने विचारलं, मग आपल्या लोकांना ते जोडे घालून आलेले आवडायचं का? आवडत नसे, दरबारात त्यावरून खटके उडत, असं मी म्हणालो.

तर मी ढोलाच्या तालावर बाहेर आलो, तिकोनी काढून छातीशी धरली, वाकलो. जमलेल्या मंडळींना वाटलं कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या, काकू लोक फराळाकडे वळले. किल्ल्या द्यायच्या राहिल्या होत्या. चिमाजी ओरडला, "अहो, अजून किल्ला घेतलेला नाही!" एक आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "घे रे बाबा, चकल्या गार होतायत."

किल्ल्या दिल्या. त्या आमच्या टेरेसच्या होत्या.

१० नोव्हेंबर

हिशेब : घामपट्टीवर पांढरी क्षाराची रेघ, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली. उजव्या काठाचा एक टाका उसवला, पोरांनी ओढून बघितला असणार. हळदीचा पट्टा काढला, फितीवर पिवळा डाग राहिलाय, लिंबू आणि ऊन करून बघायचंय. काठाला चपड्याचा आणखी एक हात, हवा आता कोरडी आहे.

डब्यात निंबाचा वाळका पाला आणि दोन डांबरगोळ्या, फेल्टला थेट न लागतील अशा पुरचुंडीत. साचा आत घालूनच ठेवायची. कपाटात पंधरावी जागा करायला बाउलर वरच्या फळीवर गेली.

काळं फूल सापडत नाहीये. मुलाच्या खोलीत बघायचं.